मागे राहणारा आवाज

एका मोटारसायकलीचा मालक सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवा बसून ॲलन कीने एकेक बोल्ट सैल करत होता. त्या सायलेन्सरला नेहमीसारखे मागे उघडे भोक नव्हते. तोंड एका गोल टोपीने बंद केलेले होते आणि टोपीच्या आत स्टीलच्या पातळ चकत्यांची चवड रचलेली होती. प्रत्येक चकतीला ठिकठिकाणी उठाव दिलेले असल्यामुळे दोन चकत्यांमध्ये नखाएवढी फट राहत होती आणि त्या फटींच्या कडा काजळीने मखमली काळ्या झाल्या होत्या. त्याने चवडीतल्या काही चकत्या काढून रुमालावर ठेवल्या, टोपी पुन्हा आवळली आणि इंजिन सुरू केले. वाटेत ठेवलेले काहीतरी काढून टाकले आहे, तेव्हा आता आवाज वाढेल, असे मी धरून चालले होते. आवाज उतरला, आणि चांगलाच उतरला. मी विचारले तेव्हा त्याने मान वर न करता “चकत्या कमी केल्या की गप्प होतो” एवढेच सांगितले आणि तो हात पुसू लागला. उत्तर बरोबर होते, तरी ते पुढे कितीतरी दिवस मनात सलत राहिले.

सुपरट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेचे कोडे कागदावर सोडवायला फार वेळ लागत नाही. बघणाऱ्याला चकत्या अडथळा वाटतात. खरा अडथळा आहे ती टोपी. सरळ जाण्याचा रस्ता तिने बंद केल्यामुळे वायूला वळून, चकत्यांमधल्या फटींतून चहूबाजूंनी बाहेर पडावे लागते. एक चकती वाढवली की एक फट वाढते, म्हणजे बाहेर पडायला थोडी अधिक जागा मिळते. इंजिन मोकळेपणाने श्वास सोडते आणि आवाजही मोकळा होतो. चकती काढली की दोन्ही आवळले जातात. म्हणजे पान्याच्या दोन-चार फेऱ्यांनी ताकद आणि आवाज यांचा सौदा हवा तसा ठरवता येतो. मला सलत होते ते वेगळेच. वायू आणि आवाज दोघेही एकाच वाटेने जात असतील, तर एकाला जाऊ देऊन दुसऱ्याला अडवणे शक्य तरी कसे होते? मोटारसायकलीच्या कंपनीने बसवलेला सायलेन्सर काढून लोक जे नाना आकारांचे पाइप लावतात, त्यांचे सगळे शहाणपण आणि सगळा वेडेपणा या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

आवाजाचा उगम झडपेपाशी असतो. ज्वलनाचा धक्का खाऊन पिस्टन खाली येत असतानाच, तो तळाला पोचण्यापूर्वी, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, उघडतो. त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, आणि तो दाब पाइपमध्ये झेप घेतो. वायू त्याच्या मागून सावकाश येतो. दाबाची लाट मात्र ध्वनीच्या वेगाने पुढे धावते. चार स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या चार खेपांत एक चक्र पुरे करणाऱ्या, इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना एका सिलिंडरमधून असा एक ठोका निघतो. एका सिलिंडरची मोटारसायकल मिनिटाला १००० फेऱ्यांवर उभ्या उभ्या चालू असेल, तर सेकंदाला आठ-साडेआठ ठोके पडतात आणि कान ते सुटे सुटे ऐकतो. ६००० फेऱ्यांवर ते ५० होतात. मोजणे केव्हाच सुटलेले असते आणि त्या जागी एक खर्जातला स्वर उभा राहिलेला असतो. हा सांधा मला फार आवडतो. थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, हळूहळू पिळत गेले की कुठेतरी धडधडीची घरघर होते आणि घरघरीचा सूर, पण नेमके कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

एकाहून अधिक सिलिंडर असले की त्यांच्या ठोक्यांमधले अंतर हीच त्या इंजिनाची लय ठरते. हार्ले-डेव्हिडसनच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या मांडलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात, पिस्टनला क्रँकशी जोडणारे दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच पिनवर असल्यामुळे ठोके ३१५ आणि ४०५ अंशांच्या अंतराने पडतात. एक लवकर, एक उशिरा, लंगडी घातल्यासारखे. या आवाजाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी व्हावी असा अर्ज कंपनीने १९९४ मध्ये केला होता. इतर उत्पादकांनी हरकती घेतल्या, प्रकरण रेंगाळले आणि २००० मध्ये अर्ज मागे घेण्यात आला. अशा मांडणीचे कोणतेही इंजिन साधारण असेच बोलणार, हा हरकत घेणाऱ्यांचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटतो. डुकाटीच्या ९० अंशांच्या इंजिनात हे अंतर २७० आणि ४५० होते. यामाहाने २००९ च्या आर-वन या मोटारसायकलीत क्रँकच्या पिना आडव्या-उभ्या काटकोनात बसवल्या, तेव्हा चार सिलिंडर एका ओळीत असूनही ठोके २७०, १८०, ९०, १८० असे विषम पडू लागले आणि चार सिलिंडरच्या ओळखीच्या किंकाळीऐवजी एक घोगरी गुरगुर ऐकू आली. बाजारातला कुठलाही पाइप ही लय बदलू शकत नाही. दोन सिलिंडरच्या मोटारसायकलीला चार सिलिंडरचा आवाज देण्याचे आश्वासन देणारी जाहिरात दिसली, तर ती वाचून करमणूक करून घ्यावी.

मग पाइप करतो तरी काय?

पाइपमधून धावणारी दाबाची लाट उघड्या तोंडाशी पोचली की तिचा थोडा भाग बाहेर पडतो, तोच आपण ऐकतो. उरलेला भाग उलटा होऊन, म्हणजे दाबाऐवजी विरळपणाची लाट बनून, इंजिनाकडे परत फिरतो. उघडे तोंड लाट परतवते, हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. पण बासरी वाजते ती याच कारणाने. परतलेली लाट झडपेपाशी नेमक्या वेळी पोचली, तर सिलिंडरमध्ये रेंगाळलेला जळका वायू ओढून काढते. चुकीच्या वेळी पोचली तर तोच वायू पुन्हा आत लोटला जातो. गरम वायूत ध्वनीचा वेग साध्या हवेतल्यापेक्षा बराच जास्त असतो. तो सेकंदाला ५०० मीटर धरला, तर ८० सेंटिमीटरच्या पाइपमधून जाऊन परत यायला लाटेला सुमारे ३.२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात क्रँक ६००० फेऱ्यांच्या गतीला ११५ अंश फिरते आणि १२००० ला २३०. या दुसऱ्या गतीला ती लाट पोचते तेव्हा एक्झॉस्टची झडप मिटत आलेली असते आणि ताज्या मिश्रणाची उघडू लागलेली असते, म्हणजे ओढ हवी तेव्हाच ओढ मिळते. म्हणून पाइपची लांबी ही एका ठरावीक गतीशी बांधलेली असते. त्या गतीच्या आसपास इंजिन खुलते, आवाजातला भरड फाटका अंश जातो आणि स्वर एकदम खणखणीत लागतो.

तोंड एकाएकी संपण्याऐवजी हळूहळू रुंदावत नेले की मेगाफोन तयार होतो. त्याच्या रुंदावण्याच्या प्रत्येक टप्प्यावर लाटेचा थोडा थोडा भाग परतत असल्यामुळे ओढ अधिक वेळ टिकते, आणि बाहेरच्या हवेशी गाठ सावकाश पडत असल्यामुळे आवाजही अधिक सहज बाहेर पडतो. जुन्या एका सिलिंडरच्या ब्रिटिश रेसिंग मोटारसायकली याच आकाराने गर्जत असत. त्यांची पंचाईत अशी की एका ठरावीक गतीखाली तोच मेगाफोन उलटा वागे, इंजिन गुदमरे आणि स्वाराला क्लच घसरवत ती पट्टी ओलांडावी लागे. बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या गोल्ड स्टारची गंमत आणखी वेगळी. १९५६ ते १९६३ या काळातल्या तिच्या ५०० सीसीच्या डीबीडी-३४ या मॉडेलचा सायलेन्सर थ्रॉटल मिटल्यावर एक चिवचिवाट काढत असे आणि केवळ त्या चिवचिवाटावरून जाणकार ती गाडी ओळखत. त्या सायलेन्सरच्या आकाराचे पाइप पुढे इतर कितीतरी मोटारसायकलींना लावले गेले. बाहेरून तोच निमुळता देह, पण चिवचिव मात्र क्वचितच. कारण ती कवचात नव्हती, आतल्या पडद्यांत आणि नळ्यांत, आणि त्या एका इंजिनाशी जुळलेल्या पाइपच्या मापात होती. नकलेचे पाइप विकणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे नाही. पण चिवचिव फोटोत दिसत नाही.

चार सिलिंडरचे चार पाइप एकत्र आणण्याने काय होते, हे होंडाच्या सीबी ७५० वर सगळ्यात चांगले ऐकू येते. १९६९ मध्ये ती आली तेव्हा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र सायलेन्सर होता. ९००० फेऱ्यांवर त्यातल्या प्रत्येकातून सेकंदाला ७५ ठोके बाहेर पडतात आणि चौघांचे ठोके उघड्या हवेत आल्यावरच एकमेकांत मिसळतात. त्यामुळे आवाजाला एक पसरट, भरलेले अंग असते. चारही पाइप एका नळीत आणणारा संच लावला की तेच ठोके आतच एका ओळीत गुंफले जातात आणि एका तोंडातून सेकंदाला ३०० असे बाहेर येतात. आवाज सडपातळ होतो, वर चढतो, हुंकाराची किंकाळी होते. शिवाय एका सिलिंडरच्या लाटेची ओढ शेजाऱ्याच्या कामी येते आणि वजन घटते ते वेगळेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी इंजिन-कारागीर योशिमुरांनी शर्यतींसाठी हे एकत्र केलेले पाइप वापरले आणि नंतर ते दुकानांतून सर्वांसाठी आले. याच्या उलट टोकाला होंडाची आरसी १६६. २५० सीसीत सहा सिलिंडर, सहा उघडे मेगाफोन आणि १८००० च्या घरातल्या फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९०० ठोके. ब्रिटिश स्वार माइक हेलवूडने १९६६ आणि १९६७ ची २५० सीसीची जागतिक अजिंक्यपदे जिंकली ती हिच्या जोरावर. तिची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला दर वेळी हेडफोन अर्धवट बाजूला सरकवावा लागतो, आणि तरीही ती पुन्हा ऐकाविशी वाटतात.

पाइपने इंजिनाचे नशीबच बदलले असे उदाहरण मात्र टू-स्ट्रोकचे, म्हणजे क्रँकच्या दर फेरीला ठोका देणाऱ्या इंजिनाचे. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कंपनीत काम करणाऱ्या वाल्टर काडेनने १९५० च्या दशकात फुगीर पोटाच्या एक्स्पान्शन चेंबरचा कसून अभ्यास केला. आधी रुंदावणारा शंकू, मग पोट, मग आवळत जाणारा शंकू आणि शेवटी बोटभर जाडीची शेपटी. पहिला शंकू ओढ पाठवतो, तिच्याबरोबर ताज्या मिश्रणाचा थोडा भागही पाइपमध्ये निसटतो. दुसरा शंकू दाबाची लाट परत पाठवतो आणि पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतले बाहेर जाण्याचे भोक, मिटण्याच्या आत ते निसटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये कोंबून ठेवतो. झडपा नसलेल्या इंजिनाला पाइपने, केवळ आकाराच्या जोरावर, झडप दिली. १९६१ पर्यंत त्याचे १२५ सीसीचे इंजिन लिटरमागे २०० अश्वशक्तीचा हिशेब देत होते. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला मिळाला आणि १९६२ मध्ये त्याने त्यांना ५० सीसीचे अजिंक्यपद मिळवून दिले. काडेनने आवाजाचा विचार केला नव्हता. पण अशा पाइपची मोटारसायकल खालच्या फेऱ्यांवर घशात अडकल्यासारखी गुळगुळते आणि नेमक्या गतीला पोचताच ज्या झटक्यात स्वच्छ किंचाळू लागते, तो झटका म्हणजे परतणारी लाट वेळेवर आल्याची वर्दीच असते. आवाज गोड व्हावा म्हणून काही न करता आवाजाला असे व्यक्तिमत्त्व येते, याचे मला अजून नवल वाटते. न्यूझीलंडच्या ब्रिटन व्ही १००० या रेसिंग मोटारसायकलीच्या मागच्या बाजूला गुंतवळ्यासारखे वळलेले निळसर पाइप पाहतानाही हेच वाटते. ती घडवणाऱ्या जॉन ब्रिटनला लांबी जुळवायची होती आणि जागा नव्हती, एवढ्यातून ते सौंदर्य आले.

एवढे झाल्यावर येतो तो सायलेन्सर, म्हणजे वायूला जाऊ देऊन आवाजाला अडवण्याचे खरे काम. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर १९२० च्या दशकात शेजारपाजारच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध कोर्टाची वाट धरली आणि तिथे प्रत्येक गाडीला ठरावीक मापाचा डबा व माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड बसवणे सक्तीचे झाले. आज जुन्या धाटणीच्या मोटारसायकलींना हौसेने लावली जाणारी ती शेपटी मुळात शेजाऱ्यांच्या तक्रारीतून आलेली आहे. आजचे सायलेन्सर दोन उपायांवर चालतात. एकात डब्याचे कप्पे पाडून लाटांना इकडून तिकडे परतवत एकमेकींवर आदळवतात. कंपनीचे सायलेन्सर बहुधा या घराण्यातले. दुसऱ्यात मधून भोकांची सरळ नळी जाते आणि तिच्याभोवती काचलोकर किंवा स्टीलचे तंतू ठासलेले असतात. लाट भोकांतून बाजूला जाते, तंतूंत घासून तिची उष्णता होते आणि वायू बिनअडथळा पुढे निघून जातो. बाजारातले बहुतेक पाइप दुसऱ्या जातीचे. माझ्या प्रश्नाचे उत्तर या नळीत असायला हवे होते, आणि अर्धे ते आहेही. अर्धेच, कारण काचलोकरीला उंच स्वर पकडता येतात, खर्ज पकडता येत नाही. ५० ठोक्यांच्या लाटेची लांबी त्या गरम वायूत १० मीटर भरते. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या लोकरीला ती जुमानत नाही. खर्जाला अडवायला लागते आकारमान. लाटेचा धक्का पसरून विरावा एवढी पोकळी, किंवा बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारल्यावर घुमते तशी, त्या एका स्वराला जुळवलेली बंद खोली. म्हणून अलीकडच्या मोटारसायकलींच्या पोटाखाली तो बेढब डबा लपवलेला असतो, आणि म्हणूनच तो काढून टाकून वीतभर लांबीचा देखणा नळकांडा लावला की आतली लोकर कितीही उत्तम असली तरी गाडी घुमते.

ती लोकरही टिकत नाही. रिव्हेट पोखरून असा एक जुना सायलेन्सर उघडताना मी पाहिला आहे. बाहेरून टायटॅनियमवर सोनेरी, जांभळ्या, निळ्या छटांचा पट्टा. तो रंग नसतोच, ऑक्साइडच्या पातळ थरातून प्रकाश दोनदा परतल्याने दिसणारा खेळ असतो. आत भोकांच्या नळीभोवती जिथे पांढरी गादी असायला हवी होती, तिथे करपून ठिसूळ झालेले चार झुबके आणि बाकी पोकळी. तंतू भोकांतून थोडे थोडे करून उडून गेले होते. विकत घेतलेला आवाज आणि वर्षभराने निघणारा आवाज यांत म्हणूनच फरक पडतो, आणि तो इतका हळू पडतो की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. टायटॅनियमचा आवाज धातूचा आणि कार्बन फायबरचा मऊ, असे लोक ठामपणे सांगतात. पातळ पत्रा थरथरतो आणि त्याचा किणकिणाट मिसळतो, हे खरे. जोडाच्या स्प्रिंगांवर सिलिकॉनच्या नळ्या चढवतात त्याही याच किणकिणाटासाठी. पण कवचापेक्षा आतली नळी किती रुंद आणि डबा केवढा, यावर शंभरातले नव्वद ठरते, असे माझे मत आहे. तोंडात बसवायची ती अरुंद नळी, जिला सगळे डीबी किलर म्हणतात, एका स्क्रूवर असते. तो स्क्रू काढला की कवचाच्या धातूची चर्चा अर्थहीन होते.

या सगळ्यात ऐकणारा कोण, याचा विचार मला बराच उशिरा सुचला. पाइपचे तोंड मागे असते. हेल्मेट घातलेल्या स्वाराला वेग वाढला की वाऱ्याशिवाय फारसे काही ऐकू येत नाही, आणि थ्रॉटल पिळल्यावर जो गुरगुराट त्याला सुखावतो, त्यातला मोठा वाटा टाकीखालच्या एअरबॉक्समधून, इंजिन हवा ओढते त्याचा असतो. गाडी शेजारून निघून जाताना स्वर उतरतो, ताशी ९० किलोमीटरला षड्ज-ऋषभाच्या अंतराहून थोडा अधिकच. ती लांब मींड फक्त रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला ऐकू येते. पुढच्या गाडीवाल्याला सावध करण्यासाठी मोठा पाइप हवा, हे समर्थन त्यामुळे मला कधी पटले नाही. आवाज जास्तीत जास्त जातो तो आपण ज्याला मागे टाकून आलो त्याच्याकडे.

उभ्या गाडीची आवाज-चाचणीही मागेच होते. मायक्रोफोन पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणि ४५ अंशांच्या कोनात ठेवतात, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर धरतात आणि आकडा वाचतात. तो आकडा डीबी(ए) मध्ये असतो, आणि त्यातला ‘ए’ म्हणजे मंद आवाज ऐकताना माणसाचा कान खर्जाकडे जसे दुर्लक्ष करतो, तशी मापकाला दिलेली सवय. १०० हर्ट्झला तो सुमारे १९ डेसिबल वजा करतो, ५० ला सुमारे ३०. भिंती आणि बंद खिडक्या नेमके उलटे करतात. उंच स्वर त्या बाहेर ठेवतात आणि खर्ज आत सोडतात. त्यामुळे दोन सायलेन्सरचा आकडा सारखा आला, तरी एक कोपऱ्यावर वळताच विरून जातो आणि दुसरा तीन घरे पलीकडच्या झोपलेल्या माणसाच्या छातीत धडधडतो. खोक्यावर छापलेला असतो तो फक्त आकडा. त्याच्याशेजारी डब्याचे आकारमान लिटरमध्ये छापले, तर निदान मला तरी निवड करणे सोपे जाईल.